आत्यांचा लांबलेला मुक्काम

आमच्या आत्या, म्हणजे माझ्या सासूबाई, क्राइस्टचर्चला आमच्या घरी होत्या तोवर रोज संध्याकाळी मागच्या अंगणात जाऊन उभ्या राहायच्या. पदर जरा मागे सारून एक गाल वाऱ्याला द्यायच्या, मग दुसरा, आणि आत येऊन जाहीर करायच्या, "उद्या कोरडं. कापडं भाईर घाल." दुसऱ्या दिवशी हटकून पाऊस यायचा आणि मी दोरीवरची बाळाची लंगोटं ओढत पळायची. गावी आटपाडीकडे शेजारपाजारचे लोक त्यांना विचारून कडबा झाकतात. पण न्यूझीलंडात ऋतूच उलटे, त्याला त्या काय करणार? आखाडात बर्फाळ वारं आणि भादव्यात झाडांना पालवी. "हितलं आभाळ लबाड हाय," असं म्हणून त्या दुसऱ्या दिवशी पुन्हा अंगणात हजर. हार मानणं त्यांना ठाऊकच नव्हतं.

नाव म्हाकूबाई. माहेर आणि सासर दोन्ही मेंढरांमागचं. सासरे गेल्यापासून कळप धाकटा मुलगा खंडू सांभाळतो आणि थोरला, म्हणजे माझा नवरा संतोष, इथे दुधाच्या कारखान्यात यंत्रं सांभाळतो. माझ्या बाळंतपणाच्या वेळी साताऱ्याहून माझी आई यायची होती, पण तिच्या गुडघ्याचं ऑपरेशन निघालं. तेव्हा आत्या म्हणाल्या, "मी जाती. मेंढीला काय, बाईला काय, हात तर त्योच लागतू." हे ऐकून मी घाबरले होते. पण त्यांनी चिमीला पहिल्यांदा हातात घेतलं आणि ती रडायची थांबली, तेव्हा माझी भीती गेली.

बाळाला धुरी दिल्याशिवाय त्यांना करमायचं नाही. पहिल्याच दिवशी ओव्याचा धूर छताला लागला आणि आगीची घंटा बोंबलायला लागली. आत्या चिमीला छातीशी धरून अंगणात पळाल्या आणि तिथून ओरडल्या, "वैशे, आगं भिंत कशापायी वरडतीया?" मी समजावून सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "असली चुगलखोर भिंत कशाला ठिवायची घरात?" तेव्हापासून धुरी अंगणात, छत्रीखाली.

एका रविवारी आम्ही त्यांना शहराबाहेर घेऊन गेलो. हिरव्यागार कुरणात नजर पोचेल तिथवर मेंढरं, आणि माणूस एकही नाही. वाटलं, बाई खूश होतील. त्या तारेच्या कुंपणाला धरून बराच वेळ बघत राहिल्या. "राखणीला कोन न्हाई?" संतोष म्हणाला, "इथं लांडगाच नाही, आई. राखण कशाला?"  गाडीत बसल्यावर त्या म्हणाल्या, "हाक मारायला कोन न्हाई त्यांला. खात्यात निस्ती." त्या दिवशी जेवल्याही कमी. मला तेव्हाच कळायला हवं होतं, पण मी समजले गाडी लागली असेल.

श्रावणात त्यांचा व्हिसा संपत आला. ताटावर बसल्या बसल्या त्या म्हणाल्या, "आता जाती गं बाई. लय दिस झालं." आता मी पडले साताऱ्याची. निघालेल्या माणसाला निदान तीनदा अडवायचं, नाहीतर तो त्याचा अपमान, हे आमच्या घरचं बाळकडू. दारात उभ्या राहिलेल्या पाहुण्याला "आता कुठं निघालात, राहा की" म्हणत आई अर्धा तास थांबवते आणि पाहुणा गेला की दाराला कडी घालून "सुटले बाई" म्हणते. मीही रीतीप्रमाणे म्हणाले, "एवढ्यात कुठं जाता आत्या? राहा की." आता त्यांनी नको म्हणायचं, मी परत म्हणायचं, असा तो खेळ. आत्यांनी माझ्याकडे नीट बघितलं आणि म्हणाल्या, "बरं. ऱ्हाती."

माझा घास हातातच राहिला. संतोषने निमूट व्हिसा वाढवला. त्याला विचारलं तर म्हणे, "तुमचं दोघींचं तुम्ही बघा." खोटं कशाला सांगू, मला माझं घर परत हवं होतं. जीव लावणारी असली तरी सासू ती सासूच. स्वयंपाकघरात डबे त्यांच्या हिशेबाने लागलेले, चिमी माझ्यापेक्षा त्यांच्याकडे जास्त, आणि मला माझ्याच घरात मोठ्याने गाणं म्हणायची चोरी. मी आईला फोन करून कुजबुजायची, "त्या जायचं नावच काढत नाहीत गं." आई म्हणायची, "तूच राहा म्हणालीस ना? मग भोग आता."

आत्यांना कुजबुजणं जमत नाही. फोन आटपाडीला लावला की आवाजही आटपाडीला पोचेल असा. एका दुपारी चिमीला झोपवून मी कणीक मळत होते आणि पलीकडच्या खोलीतून ऐकू आलं, "काय करू रं खंड्या! पाडव्याला मेंढरं वोवाळून वाटंला लावायची, आन् मी हितं. पर ही बाई मला सोडंना. वली बाळंतीन, तोंडानं ऱ्हा म्हनती, तिला टाकून कशी येऊ? ती जा म्हनंस्तवर माझा पाय निघंना."

दिवाळीच्या पाडव्याला कळपाची पूजा होते आणि मग मेंढरं चाऱ्यासाठी पश्चिमेकडे, पाटणच्या अंगाला निघतात. लग्न झाल्यापासून आत्यांनी तो पाडवा चुकवलेला नव्हता. मी कणकेच्या हातांनी तशीच त्यांच्यासमोर जाऊन उभी राहिले.

"आत्या, तुम्हाला जायचंय?"

त्यांनी फोन मांडीखाली सरकवला. "तुला राग न्हाई न्हवं येनार?"

"मलापण तुम्ही जावं असं वाटतंय," मी म्हणाले, आणि हुंदकाच फुटला मला.

त्या आ वासून बघत राहिल्या. मग पदर तोंडाला लावून अशा हसायला लागल्या की चिमी जागी झाली. "आगं मग बोलायचं न्हाई व्हय! मी तुझ्यापायी ऱ्हायले, तू माझ्यापायी ठिवून घेतलीस. दोगी बी येड्या! आन् तुजा नवरा मुका बसलाय मदी." मांडीखालच्या फोनमधून खंडूही हसत होता.

तिकीट त्याच संध्याकाळी काढलं. राहिलेले दिवस इतके सुखाचे गेले की काय सांगू. त्या मला अधूनमधून चिडवायच्या, "घालवून देतीस व्हय सासूला?" मी म्हणायची, "देते की!" मी मोठ्याने गाणी म्हटली आणि त्यांनी ती ऐकून "बरी म्हनतीस" अशी पावतीही दिली. एवढे महिने आम्ही एकमेकींची मर्जी सांभाळत होतो. गप्पा आत्ता कुठे सुरू झाल्या होत्या.

विमानतळावर त्यांनी चिमीची अलाबला घेतली, माझ्या गालावरून खरखरीत हात फिरवला आणि म्हणाल्या, "येती." आणि माझी जन्माची खोड, तोंडातून निघून गेलं, "राहा की आत्या."

"गप बस! पुन्यांदा म्हनलीस तर खरंच ऱ्हाईन," म्हणून त्या पिशवी सावरत आत गेल्या. वळून पाहिलं नाही. घरी येऊन मी सोफ्यावर आडवी झाले आणि खरंच सुटल्यासारखं वाटलं. त्याची मला लाज वाटली नाही, आजही वाटत नाही. कारण विमानात त्याही सुटल्या होत्या, हे मला माहीत होतं.

पोचल्यावर त्यांचा फोन आला. मागे कोकरांचा नुसता कालवा चालला होता, त्यावर आवाज चढवून त्या म्हणाल्या, "पोचले गं. आन् आता तुजी आटवन यायला लागली बग. तितं व्हते तवा तिला यायला जागाच नव्हती."