होडीतलं इंजिन आणि बारा बायका

इंजिन धडधडलं, होडी दहा-बारा हात पुढे सरकली आणि माझ्या पायाखाली पाणी आलं. भिवाअण्णा नावाड्याने शांतपणे इंजिन बंद केलं, वल्हं उचललं आणि आम्हाला काठाला आणलं. मला मात्र पाण्यात उडी मारावीशी वाटत होती.

ही गोष्ट बहात्तरच्या दुष्काळाच्या आधीची. काष्टीत माझं विहिरीवरच्या इंजिनांचं वर्कशॉप होतं. आमच्याकडच्या धरणाचं पाणी साठल्यापासून पलीकडची वस्ती तुटली होती. बाजाराला यायचं तर लांबचा वळसा, नाहीतर अण्णांची वल्ह्याची होडी. वारा सुटला की तीही बंद. म्हणून अण्णांनी नवी मोठी होडी बांधली आणि इंजिन बसवायला मला बोलावलं.

मी म्हटलं, त्यात काय! शंभर विहिरींवर इंजिनं बसवलीत.

अण्णा म्हणाले, "मिस्त्री, आधी होडी दोन दिस पान्यात ठिवू. नवी होडी पानी पिऊन अंग सोडती."

"पाण्यात उभा राहून मी माप कसं घेऊ, अण्णा? काठावरच बसवतो."

होडी ठोकळ्यांवर चढवली. विहिरीवर करतो तशी दोन जाड सागवानी लाकडं आडवी टाकली, त्यावर इंजिन बोल्टांनी आवळलं. इंजिनाची चकती आणि होडी ढकलणाऱ्या पाण्यातल्या पंख्याच्या शाफ्टची चकती समोरासमोर येतात, त्याला कपलिंग म्हणतात. दोन्हींमधली फट सगळीकडून सारखी हवी. फीलर गेजने, म्हणजे पातळ पोलादी पात्यांनी मोजली. केसाचाही फरक नव्हता. मी मिशीला पीळ भरला, नारळ फोडला.

आणि पाण्यात गेल्यावर हे असं.

दणके बसतात म्हणून मी बोल्ट आणखी आवळले. विहिरीवरची सवय. पुन्हा सुरू केलं, तर एक फळी करकरली आणि शाफ्टच्या भोकातून धारच लागली.

अण्णांनी माझा हात धरला. "मिस्त्री, ही काय हीर हाय व्हय? हीर जाग्याव बसती. ही हालती, वाकती. फुटली तर मी जुनी वल्हवीन, पन वारा सुटला की पल्याडच्या मानसांनी काय करायचं?"

लाज वाटली. खरंच वाटली.

मग करकरलेल्या फळीवर नवी पट्टी ठोकली आणि काम मुळापासून केलं. विहिरीवरचं इंजिन कुणाला ढकलत नाही. होडीत मात्र पंख्याचा सगळा रेटा इंजिनाच्या बैठकीवर येतो. माझी आडवी लाकडं तो एकाच जागी देत होती. आता लांब लाकडं होडीच्या लांबीने टाकली, तिच्या सहा फासळ्यांवर. फट पुन्हा जुळवली, पण बोल्ट सैल ठेवून होडी दोन दिवस पाण्यात. अण्णांचं ऐकून.

तिसऱ्या दिवशी बाजार. फट मोजायची तर भरलेल्या होडीतच. अण्णांनी बाजार उरकून आलेल्या बारा बायका पाट्यांसकट आणि एका शेळीसह आत बसवल्या. होडी काठाला दोरांनी बांधलेली. मी इंजिनाशेजारी उताणा, हातात गेज.

"कुणी हलू नका!"

"आमी न्हाई हालत बाबा, शेळीला सांगा की!" एक म्हातारी म्हणाली आणि सगळी होडी हसून हलायला लागली.

हसू थांबेपर्यंत वाट पाहिली. काठावर तंतोतंत जुळलेलं कपलिंग आता, भाराने होडी वाकल्यावर, खालून चांगलंच उघडं होतं. रॉकेलच्या डब्याचा पत्रा कापून इंजिनाच्या पायांखाली पातळ चकत्या सारल्या. फट सारखी झाली, मग बोल्ट आवळले. पुरेसे, जास्त नाही.

पलीकडे पोचलो तेव्हा सगळ्यांचे पाय कोरडे होते. उतरताना म्हातारीने विचारलं, "मिस्त्री, पुढच्या बाजारी बी असंच निजून येनार का?"

अण्णांनी परस्पर सांगून टाकलं, "न्हाई. आता त्यांला कळलंय."

तेव्हापासून कुठलंही यंत्र बसवायचं असलं की पाना उचलण्याआधी ते रोज चालवणाऱ्याला विचारतो. आणि तो बोलत असेपर्यंत नारळ पिशवीतच ठेवतो.