पंख्याखालची माती

ऑफिसात शिरले की भाऊ आधी पंखा बंद करायचे. चपला नंतर काढायचे, घाम त्याच्याही नंतर पुसायचे. मे महिना असो, आम्ही कारकून बनियनपर्यंत भिजलेले असोत, त्यांचा हात सरळ बटणावर. "टेबलावर माती आहे," एवढंच म्हणायचे. नवा माणूस चिडायचा, जुने हसायचे. मला यातलं काहीच जमायचं नाही, कारण ही सवय त्यांना कशी लागली ते मला माहीत होतं.

बोरिवलीत एका रेशन दुकानाच्या माडीवर शेतकी खात्याचं आमचं ऑफिस होतं. ऐंशीच्या दशकातली गोष्ट. मुंबईत कसली आली शेती, असं तुम्ही म्हणाल. तेव्हाही लोक म्हणायचेच. पण खाडीच्या बाजूला भाताची खाचरं होती, वांगी-मुळ्याच्या वाड्या होत्या, आरे कॉलनीतल्या पाड्यांवर पावसाळ्यात काकड्या लागायच्या. या सगळ्यांकडे सायकलवरून फिरायचं काम त्यांचं. ते मूळचे मराठवाड्यातले. आम्ही त्यांना भाऊ म्हणायचो.

कुणी कीड विचारा, खत विचारा, भाऊंचं उत्तर ठरलेलं. "आधी माती बोलू दे, मग मी."

मग शेतात आठ-दहा ठिकाणी वीत-वीतभर खड्डे. सगळी माती एका फडक्यावर मिसळायची, तिचे चार वाटे करायचे, समोरासमोरचे दोन टाकून द्यायचे. पुन्हा मिसळायची, पुन्हा चार वाटे. अर्धा किलो उरेपर्यंत हेच. ती सावलीत वाळवून, शेतकऱ्याच्या नावाची चिठ्ठी घालून, कापडी पिशवीतून प्रयोगशाळेला जायची. सोसायटीतल्या बायका गच्चीवरच्या गुलाबाची तक्रार घेऊन यायच्या, तर त्यांनाही हेच. एक बाई बिचारी खरंच लाडवांच्या डब्यातून कुंडीतली माती घेऊन आली. भाऊंनी माती काढून घेतली आणि डब्यात माठाच्या भाजीचं बी घालून दिलं. "रिकामा डबा कसा द्यायचा, ताई?" बाई गुलाब विसरून गेली.

खाडीकडच्या एका वाडीवर एक म्हातारी विधवा राहायची. सगळे तिला बाय म्हणायचे. त्या वर्षी तिच्या वांग्यांच्या पानांच्या कडा करपू लागल्या. आजूबाजूच्या दोन विहिरींत खारं पाणी शिरलेलं होतंच. पुतण्याने बिल्डर आणून उभा केला. बाय त्याला म्हणाली, "शेतकीवाला सांगू दे. मीठ उतरलं असेल तर देते सही. नसेल तर मरेपर्यंत हलणार नाही." भाऊंनी नमुना घेतला. त्याच दिवशी पलीकडच्या खाजणातल्या, भरतीचं पाणी शिरणाऱ्या एका पडीक तुकड्याचाही घेतला. दोन्ही ढीग वर्तमानपत्रावर पसरून, प्रत्येकावर त्याची चिठ्ठी ठेवून, ते पाड्यावर निघून गेले.

दुपारी मी जेवून आलो. उकाड्याने जीव चालला होता. मी पंखा लावला.

चिठ्ठ्या उडाल्या. एक टेबलाखाली, एक दारापाशी. मी उचलल्या आणि ढिगांकडे बघत उभा राहिलो. दोन्ही काळसर, दोन्ही सारखेच. कोणती कुठली, मला कळेना. भाऊ संध्याकाळी येणार होते, विचारता आलं असतं. पण साध्या पंख्यावरून बोलणी कोण खाणार? मी अंदाजाने ठेवून दिल्या.

महिन्याभराने पहिला अहवाल आला. बायच्या नावावर लिहिलं होतं, क्षार जास्त, भाजीपाल्यास अयोग्य. भाऊंनी कागद दोनदा वाचला. त्यांनाच तो पटत नव्हता, पण माती बोलली म्हटल्यावर बोलली. त्यांनी तो तिला वाचून दाखवला आणि त्याच आठवड्यात तिने सही केली.

नंतर पडीक तुकड्याचा अहवाल आला. जमीन उत्तम. तिथे गवतही धड उगवत नव्हतं. भाऊंनी दोन्ही कागद शेजारी शेजारी ठेवून पाहिले. मग उठले, पंखा बंद केला आणि मला म्हणाले, "चल."

बाय सामान बांधत होती. भाऊ दारातच उभे राहिले. हातात रिकामी नमुन्याची पिशवी, तिच्याच नावाची.

"बाय, तुझी जमीन गोडी आहे. मीठ नाही तिच्यात. अहवाल चुकला."

"मंग माती खोटं बोलली?"

"माती नाही. मी."

मी तिथेच उभा होतो. तोंड उघडलं असतं तर शब्द चारच होते, पंखा मी लावला होता. नाही उघडलं. आज सांगतोय आणि आज त्याचा कुणाला उपयोग नाही.

"सही तर झाली," बाय म्हणाली. मग तिने भाऊंच्या हातातली पिशवी ओढून घेतली, आत गेली आणि सुपातले मूठभर वाल घालून परत आणली. "घे. रिकामी कशी देऊ? या मातीतले शेवटचे हायेत."

ऑफिसपर्यंत भाऊंनी ती पिशवी हातातच धरली होती.

ऑफिसच्या गॅलरीत एका डालड्याच्या डब्यात त्यांनी ते वाल लावले. दर हिवाळ्यात वेल गजावर चढायचा. शेंगा कुणाला खाऊ दिल्या नाहीत. वाळवायचे, पुन्हा लावायचे. वाडीवर चार मजली इमारत उभी राहिली. बाय पुतण्याच्या खोलीत दोन वर्षं जगली, म्हणे. भाऊ तिकडून सायकल नेईनासे झाले, लांबचा वळसा घ्यायचे. चूक कुणाची, हे त्यांनी मला कधीच विचारलं नाही. नमुन्यांच्या चिठ्ठ्या मात्र तेव्हापासून मलाच लिहायला लावायचे. "तुझं अक्षर चांगलं आहे," म्हणायचे. माझं अक्षर काही चांगलं नाही.

ते निवृत्त झाले त्या दिवशी हारतुरे, बटाटेवडे, भाषणं, सगळं रीतसर झालं. लोक पांगल्यावर ते माझ्या टेबलापाशी आले. टेबल मोकळं होतं. त्यांनी हात वर केला आणि इतक्या वर्षांत पहिल्यांदाच स्वतः पंखा लावला.

"बस वाऱ्याला," म्हणाले. "आज माती नाही."

मग ती कापडी पिशवी माझ्यापुढे ठेवली. आत वाल होते.

"बायचं नाव लिहून चिठ्ठी आत घातलीय. बाहेर ठेवली नाही. उडते."

आवाजात राग नव्हता. असता तर बरं झालं असतं. मी मान वर करेपर्यंत ते जिन्यावर होते.

भाऊ आता नाहीत. वाल आहेत. दर हिवाळ्यात माझ्या गॅलरीत वेल चढतो. शेंगा सोलायला बसलो की मी पंखा बंद करतो. घरचे वैतागतात, विचारतात, वालांना वाऱ्याचं काय वावडं? टेबलावर काही नसतं. तरी माझा हात बटणावर जातो, आणि बंद होणारं पातं थांबेपर्यंत मी दाराकडे बघत राहतो.