गफूरभाईंची इस्त्री

दर रविवारी सकाळी गफूरभाई माझ्याकडे इस्त्री मागायला यायचे, आणि अंगात हमखास चुरगळलेला शर्ट असायचा. "भाभी, इस्त्री देता का? पण हितंच तापवून द्या की." ती तापेपर्यंत उंबऱ्याशी बसून चहा घ्यायचे, मग टॉवेलात गुंडाळून वर न्यायचे.

"अहो, जिना चढेपर्यंत गार होते ती! वर वीज न्हाई का तुमच्याकडं?" मी ओरडायची.

"हौ भाभी," एवढंच म्हणायचे आणि पुढच्या रविवारी पुन्हा हजर.

नवी पेठेतल्या आमच्या इमारतीत वरच्या खोलीत ते एकटेच राहायचे. तरुणपणी लग्नाच्या ऑर्केस्ट्रात गिटार वाजवायचे. डीजे आले, पार्टी मोडली, मग बीवीही वारली. आता त्यांना गिटारसाठी एको पेडल बनवायचं होतं, म्हणजे पायानं दाबायची पेटी, जी वाजवलेला सूर परत ऐकवते. चकचकीत कागदावर सर्किटचा नकाशा छापायचा, तो तांब्याच्या पत्र्यावर ठेवून वरून इस्त्री फिरवायची. नकाशा उमटला की पत्रा श्रीखंडाच्या रिकाम्या डब्यातल्या औषधात बुडवायचा, नको ते तांबं विरघळून जातं. त्या मेल्या औषधाचे डाग जिन्यावर अजून आहेत. घासून घासून माझे हात दुखले.

एकदा वैतागून म्हटलं, "बाजारात तयार मिळतं की!"

"विकतची ओ घेऊन काय करू भाभी? बीवीला हाक मारायची सवय जाईना. हाक गेली की ओ यायला पाहिजे."

मी त्यांच्या चहात आणखी साखर घातली.

पहिला पत्रा वाया गेला. नकाशा आरशात दिसतो तसा उलटा छापायचा असतो, यांनी सुलटा छापला. सगळे पार्ट जोडून झाल्यावर लक्षात आलं. "जन्मभर सरळ चाललो भाभी, आन् हितं नेमकं उलटं पाहिजे होतं!" म्हणून लई हसले, पण नंतर काही रविवार फिरकलेच नाहीत. मला चैन पडेना. शेवटी मीच वर जाऊन दटावलं, "इस्त्री कधीची तापलीय, चला खाली." निमूट आले.

दुसरा पत्रा साधला. पेटी म्हणून त्यांनी बीवीचं पानदान घेतलं आणि मला ऐकायला वर बोलावलं. तार छेडली. सूर गेला, परत आला, पुन्हा आला, हळू होत होत विरला. गफूरभाई कान देऊन बसले होते.

"आली की नै ओ?"

"आली हो, आली!" माझे डोळे भरले होते.

"पन ती आपलीच हाक हाय भाभी," ते म्हणाले. "दुसरं काय बोलत न्हाई."

पुढच्या रविवारी पुन्हा दारात. "आता कशाला हो इस्त्री?" तर म्हणे, आणखी एक पत्रा करतो.

या उन्हाळ्यात ते झोपेतच गेले. हुबळीहून पुतण्या आला. गिटार आणि पानदान त्यानं बांधून घेतलं, आणि पलंगाखालून एक इस्त्री काढून माझ्यासमोर धरली. "खाला, ही तुमचीच ना? चाचा सांगायचे, इस्त्री खालच्या भाभींकडनं आणतो म्हणून."

माझी इस्त्री खाली माझ्या टेबलावर होती. पुतण्याच्या हातातली मी तिथंच, वरच्या खोलीतल्या प्लगला लावून पाहिली. झटक्यात तापली.

"हौ," मी म्हणाले, "माझीच."