ब्रह्मरथाचा बारावा घोडा आणि माझं तोंड

बसा नीट, चहा येऊन राह्यला. तोवर माझी फजिती माझ्याच तोंडून ऐकून घ्या. दुसऱ्या कुणाकडून ऐकलीत तर ती याहून वाईट निघेल. मंठ्याच्या स्टँडवर मला न ओळखणाऱ्या माणसानं ती मलाच रंगवून सांगितलेली आहे. मी आपला मान डोलवत ऐकली. काय करणार?

आधी माझा स्वभाव सांगतो, म्हणजे पुढचं कळेल. मी संशयी माणूस. दूधवाल्यानं मापावर थोडं जास्त घातलं की मला वाटतं, आज नक्की पाणी घातलंय. कुणी लांबून नमस्कार केला की मी मनात म्हणतो, याचं काम काय असेल? आमची मंगल म्हणायची, लग्नात लोक अक्षता टाकून राह्यले होते तेव्हासुद्धा तुम्ही त्यांच्या मुठींकडंच बघत होता. खोटं नव्हतं ते.

दुसरा अवगुण म्हणजे तोंड. हायस्कूलला मराठी शिकवायचो, आणि कुणाच्या लिखाणाची टिंगल करायला मिळाली की मला जेवणाचीही आठवण राहायची नाही.

तर नव्वदीच्या सुरुवातीची गोष्ट. एका उन्हाळी वावटळीत गावातल्या प्राथमिक शाळेचे पत्रे उडाले. दोन पत्रे तर थेट नाल्यापलीकडं सापडले, कागदासारखे गुंडाळलेले. पोरं लिंबाखाली बसायला लागली. शाळेच्या मुख्याध्यापक कांबळे बाई. धीराच्या बाई, पण त्यांनाही घोर लागला होता, कारण मंजुरी यायची तेव्हा येईल आणि शाळा तर जूनमध्ये भरणार. त्या घरोघर मदत मागत फिरत होत्या.

अशात एका सकाळी शाळेच्या ओट्यावर कुणीतरी एक पोतं ठेवून गेलं. आत काय, तर एकाच पुस्तकाच्या ढीगभर प्रती. वर चिठ्ठी: 'शाळेला मदत. विकून पत्रे घ्यावेत.' खाली सही नाही.

पुस्तकाचं नाव 'ब्रह्मरथाचा बारावा घोडा'. लेखक कोण? 'एक सत्शिष्य'. बस. ना गाव, ना फोटो. मला तिथंच वास आला. नाव लपवणारा माणूस सरळ कसा असेल?

पुस्तक विकलं मात्र एकही गेलं नाही. कांबळे बाईंनी एक प्रत मला दिली, म्हणाल्या, बघा बरं वाचून. मी बघितलं. अहो, काय सांगू! राजपुत्र तेजोमणी देवाच्या रथात बसून पाताळात जातो, आणि पाताळात चोवीस तास लाईट. राजकन्या कनकलता दर पानाला बेशुद्ध पडते. एक ऋषी शंभर वर्षं निराहार तप करतो आणि डोळे उघडल्यावर पहिलं वाक्य काय बोलतो? "साबुदाण्याची खिचडी मिळेल काय?" आणि पान बारावर छापलेलं, 'रथास बारा अश्रू जोडलेले होते.' बारा अश्रू! मी हसून हसून खाटेवरून खाली आलो.

तेव्हाच ही कल्पना सुचली. मी बाईंना म्हटलं, हे पुस्तक कुणी विकत घेणार नाही, पण मी ते मोठ्यानं वाचतो आणि मधे मधे त्याची खिल्ली उडवतो. लोकांनी ऐकायला यावं आणि दारातल्या डब्यात मनाला येईल ते टाकावं. टीव्हीवरच्या पौराणिक मालिका नुकत्याच संपल्या होत्या, रविवारी लोकांना करमत नव्हतं. बाई म्हणाल्या, "सर, देणाऱ्यानं मनापासून दिलंय. त्याला कळलं तर?" मी म्हटलं, ज्यानं नावच लपवलंय त्याला कळून काय होणार?

बंद पडलेल्या कापसाच्या जिनिंगच्या शेडमध्ये सतरंज्या टाकल्या. पहिल्या रविवारी दुपारी एवढी माणसं आली की मलाच संशय आला, हे नक्की ऐकायलाच आलेत ना? पण मी सुरू झालो आणि शेड डोक्यावर घेतलं लोकांनी. पाताळातल्या लाईटवर म्हटलं, "तिथं वायरमन आपल्या गावचा नसंल." कनकलता पडली की म्हणायचं, "हिला एक सलाईन लावा हो कुणीतरी." सगळ्यांत पुढं नलिनी सिस्टर बसायच्या, सरकारी दवाखान्यातून रिटायर झालेल्या. सलाईनवर त्या इतक्या हसल्या की पदरानं डोळे पुसायला लागल्या. बारा अश्रूंवर तर मी पाव तास बोललो. डबा जड झाला.

सगळे हसून राह्यले होते, एक सोडून. मधल्या खांबाला टेकून एक उंच म्हातारा बसला होता. डोक्याला पांढरा रुमाल, हातात शिसवाची काठी. तो माझ्याकडं एकटक बघत होता. मी विनोद केला की त्याच्या कपाळाला आठी पडायची. वाचन संपल्यावर तो काठी टेकत सरळ माझ्याच दिशेनं यायला लागला. मी पुस्तक बगलेत मारलं आणि मागच्या दारानं घरी.

आता तुम्ही म्हणाल, त्यात काय एवढं? थांबा.

दुसऱ्या रविवारी तो पुन्हा तिथंच. पुन्हा आठी, पुन्हा काठी, पुन्हा मी मागच्या दारानं. पण यावेळी मी जरा भटकून घरी पोचलो, तर मंगल म्हणाली, एक काठीवाले बाबा येऊन गेले. पाणी प्यायले, बसले, आणि निरोप ठेवून गेले. मी विचारलं काय निरोप. तर म्हणे, "सरांना सांगा, जरा दमानं घ्या."

दमानं घ्या! हे कोण म्हणतं? मंगलला त्यात काही वाटलं नाही, तिला बाबा सभ्य वाटले. मी दाराला आतून कडी घातली.

दुसऱ्या दिवशी मी रशीदभाईंच्या सायकलच्या दुकानात गेलो. रशीदभाई म्हणजे माझे खास मित्र, आणि संशयात माझ्याहून दोन पावलं पुढं. त्यांनी पंक्चरचा टायर बाजूला ठेवला आणि हळूच सांगितलं की तो म्हातारा शेजारच्या खेड्यातला आहे, बाजाराला आल्ता तेव्हा समोरच्या हॉटेलात चार लोकांत बोलला, ते त्यांनी आपल्या कानानं ऐकलं. काय बोलला? "त्या सराचं तोंड कसं बंद करावं, काय समजून न्हाई राह्यलं."

"बिलकुल हेच शब्द," रशीदभाई म्हणाले. "सर, माणूस बराबर न्हाई. कुण्या महाराजाचा भक्त असंल. नाहीतर मंग..."

"नाहीतर काय?"

"नाहीतर तोच असंल. सत्शिष्य."

माझ्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. म्हणूनच हसत नाही. म्हणूनच मी वाचताना त्याचे ओठ हलतात, मी बघितलं होतं. स्वतःचंच लिहिलेलं, पाठ असणारच. बिचाऱ्यानं आयुष्यभर खपून ग्रंथ लिहिला, शाळेला दान दिला, आणि मी त्याच्याच समोर बसून त्याच्या चिंध्या केल्या. मग तो काठी काय उगाच आणतो?

त्या आठवड्यात मी लूनावर हेल्मेट घालून फिरलो. मंठ्यात तेव्हा हेल्मेट कुणी पाहिलेलं नव्हतं. वर्गातली पोरं विचारायची, सर, ऑपरेशन झालं का? शाळेत जायचा रस्ता मी रोज बदलायचो. घराचं दार कुणी वाजवलं की आधी खिडकीतून काठी दिसते का बघायचो.

तिसरा रविवार तर फारच वाईट. बारावा घोडा, जो एका पायानं लंगडा आहे आणि रथात सगळ्यांत मागं जुंपलेला आहे, तो पाताळाच्या दलदलीत रुततो, असा भाग होता. मी त्यावर ठेवणीतला विनोद केला. कुणी हसलं नाही. दुसरा केला. शांतता. सगळं शेड माझ्याकडं बघतंय, कुणी खोकेना. पुढं नलिनी सिस्टरसुद्धा गप्प, पदर तोंडाला लावून. मी ओळखलं, म्हाताऱ्यानं सगळं गाव फिरवलं. यांना सगळ्यांना काहीतरी माहीत आहे, आणि ते कधी होतंय याची वाट बघून राह्यलेत. घोडा दलदलीतच ठेवून मी पुस्तक मिटलं आणि पळालो.

मग मी विचार केला. पळून किती दिवस निघणार? माफी मागावी, आणि अशी मागावी की माणसाचा राग पाण्यासारखा वाहून जावा. चौथ्या रविवारी मी एक झेंडूचा हार, शाल आणि नारळ घेऊन गेलो. कांबळे बाईंनी विचारलं, हे कुणाला? मी म्हटलं, बघाच.

मी उभा राहिलो आणि भाषण केलं. म्हटलं, आपण हसलो, पण हसण्यातूनच थोर साहित्याची ओळख पटते. या अजोड ग्रंथाचे कर्ते, प्रसिद्धीकडं पाठ फिरवलेले महात्मा, आज आपल्यातच बसलेले आहेत. माझ्या हातून काही अधिकउणं झालं असेल तर त्यांनी लेकरू समजून पोटात घालावं. असं म्हणत मी सतरंजीवरच्या माणसांना ओलांडत खांबाजवळ गेलो, म्हाताऱ्याच्या गळ्यात हार घातला, खांद्यावर शाल टाकली, नारळ हातात दिला आणि त्यांचे पाय धरले.

म्हातारबाबा नारळाकडं बघत राहिले. मग माझ्याकडं.

"सर, हे काय करून राह्यले तुम्ही?"

मी खालूनच म्हटलं, "बाबा, आता सगळ्यांना कळू द्या. पुस्तक तुमचं आहे."

"माझं?" ते म्हणाले. "मला कुठं लिहिता-वाचता येतंय. येत असतं तर तुमच्याकडं कशाला आलो असतो?"

मी अजून पायाशीच. उठावं की राहावं, समजेना. बाबांनीच मला दंडाला धरून उभं केलं, आणि फार अजिजीनं बोलले. म्हणाले, तीन रविवार मी तुम्हाला गाठायला बघून राह्यलो, तुम्ही सापडत न्हाई. घरी निरोप ठेवला की जरा दमानं घ्या, म्हणजे हळू वाचा, मला म्हाताऱ्याला पळतं ऐकू येत न्हाई, शब्द तोंडातल्या तोंडात परत म्हणून बघावा लागतो. अन् दुसरं म्हणजे...

ते अडले. बाजूच्या एकानं त्यांना कोपरानं ढोसलं, म्हणाला, सांगा बाबा, सांगून टाका आता.

"तुम्ही मधे मधे लई बोलता, सर. घोडा तिकडं चिखलात उभा राहतो. तुम्ही बोलायचं तेवढं बंद करा. त्याचं काय झालं ते वाचा."

आणि मागून दोनचार बाया एकदम म्हणाल्या, हां, वाचा.

आता सांगा, पंचवीस वर्षं मराठी शिकवलेल्या माणसानं कुठं बघावं? मी परत जाऊन बसलो, पुस्तक उघडलं आणि मुकाट्यानं वाचलं. एक अक्षर स्वतःचं नाही. बाकी अकरा घोडे देवाचे, त्यांना पंख. बाराव्याला पंख नाहीत, तो कुण्या गरिबानं देवळाला सोडलेला. दलदलीत रथ रुततो, पंखवाले अकरा उडून जातात, आणि हा लंगडा एकटा तो ओढून काठाला आणतो आणि तिथंच बसतो. मला तोवर ठाऊक नव्हतं की पुस्तकात असं काही आहे. मी तो भाग विनोदाच्या जागा शोधत चाळला होता. बाबांनी नव्या शालीनं डोळे पुसले. माझाही आवाज जरा फाटला, पण ते कुणाला सांगू नका.

माणसं पांगली. कांबळे बाई, नलिनी सिस्टर आणि मी सतरंज्या झटकून राह्यलो होतो. सिस्टरनी माझ्या हातातलं पुस्तक घेतलं, पान बारा काढलं आणि बोट ठेवलं.

"ते बारा अश्व आहेत, सर. अश्रू छापखान्यानं केले. मी तीनदा दुरुस्त करून दिल्तं."

माझ्या हातातली सतरंजी खाली पडली. कांबळे बाई सिस्टरकडं बघतच राहिल्या, म्हणजे त्यांनाही आत्ताच कळलं होतं. सिस्टरनी सांगितलं, रात्रपाळीत पेशंट झोपल्यावर लिहिलं ते. दर पानाला राजकन्या बेशुद्ध पडते, कारण दर रात्री वॉर्डात कुणीतरी पडायचंच. छापून आणलं, पण बाईचं नाव बघून कुणी घेणार नाही म्हणून सत्शिष्य. मग प्रती माळ्यावर पडून राहिल्या. मी कसंबसं विचारलं, मग तुम्ही एवढ्या हसत होता ते? त्या म्हणाल्या, माझं लिहिलेलं कुणीतरी मोठ्यानं वाचून राह्यलं होतं, मला हसू येणार न्हाई तर काय होणार? तिसऱ्या रविवारी मात्र वाटलं, आता हा माणूस गप्प बसंल तर बरं.

पत्रे जूनच्या आधी बसले. ते पोतंही रिकामं झालं. लोक घरी न्यायला विकत घ्यायचे आणि कांबळे बाईंना आवर्जून विचारायचे, यात सरांचं बोलणं तर न्हाई ना?

त्या दिवाळीत सिस्टर फराळाला घरी आल्त्या. मंगलनं चिवडा दिला. सिस्टर म्हणाल्या, दुसरा भाग लिहून राह्यले. पाताळाच्या राजाकडं या वेळी एक मास्तर ठेवलाय, फार बडबड्या, सगळ्यांवर संशय घेतो. मी घशातला चिवडा कसाबसा गिळला आणि विचारलं, शेवटी त्याचं काय करणार?

"पहिल्या प्रकरणातच मारणार होते," सिस्टर म्हणाल्या. "पण ते खांबाजवळचे बाबा म्हणाले, राहू द्या. हसायला कुणीतरी पाहिजे."