सासऱ्यांची हार्ड डिस्क

अर्धांगवायू झाल्यावर सासरे मनमाडहून कायमचे नाशिकला आमच्या गंगापूर रोडच्या फ्लॅटवर आले. सारी नोकरी रेल्वेत, पायाला भिंगरी लावून केलेली, आणि आता दिवसभर पलंग. सकाळी त्यांचं आवरून मी शाळेत शिकवायला जायची. तेवढा वेळ एक बाई त्यांच्याजवळ बसे. दुपारी आले की पुन्हा औषध, अंथरूण, भरवणं. नवरा सातपूरच्या कारखान्यात शिफ्टला. रविवार कधी यायचा आणि कधी जायचा ते कळायचं नाही.

सासऱ्यांना एकाच गोष्टीने बरं वाटे. नव्वदच्या दशकात नणंदेच्या घरच्यांनी कॅमेऱ्यावर एक कॅसेट भरली होती. रेल्वे क्वार्टरच्या अंगणात सासूबाई शेजारणींबरोबर पापड लाटत बसल्यात, मधेच कुणावर तरी डाफरताहेत. त्या गेल्यावर नवऱ्याने ते कॉम्प्युटरला वायरीने जोडायच्या हार्ड डिस्कवर घेतलं होतं. सासरे तेच बघत आणि अडखळत्या जिभेने सासूबाईंना उत्तरंही देत.

लोडशेडिंगचे दिवस होते. एका दुपारी लाइट सारखी जात-येत राहिली, आणि मग हार्ड डिस्कमधून नुसता टकटक आवाज यायला लागला. पडद्यावर काही येईना. सासऱ्यांनी जेवणाचं ताट डाव्या हाताने ढकललं.

"ती कुठं गेली?"

मी सांडलेला वरणभात गोळा करत बसले.

दुसऱ्या दिवशी शाळेतून परस्पर शालिमारजवळच्या कॉम्प्युटरच्या दुकानात गेले. दुकानदाराने डिस्क कानाशी धरून ऐकली.

"वॉरंटीत आहे मॅडम, नवी मिळेल."

"आणि आतलं?"

"ते गेलं समजा."

"मग न बिघडणारी कुठली, ती द्या."

"तशी कुठलीच नसते. दोन घ्या, वेगवेगळ्या कंपन्यांच्या. दोन्हींत सगळं भरा. एक लावून ठेवा, एक कपाटात. अधूनमधून कपाटातली चालवून बघत जा. आणि लाइट अशी जात असेल तर यूपीएस घ्याच."

म्हणजे घरात सांभाळायला आणखी दोन जीव, असं मनात आलं. पण घेतल्या.

"दोन कशाला?" नवरा म्हणाला.

"तुम्ही घरी बसून त्यांना उत्तरं देणार असाल तर एकही नको."

त्याने नव्या डिस्कचं खोकं उघडलं आणि म्हणाला, "मूळ कॅसेट ताईकडे असेल."

रविवारी मी नणंदेकडे मनमाडला गेले. तिने ट्रंक उपसून कॅसेट काढली. "घेऊन जा. माझ्याच्यानं बघवत नाही," म्हणाली आणि चहा टाकायला आत गेली. बराच वेळ बाहेर आली नाही.

नाशिकच्या एका स्टुडिओवाल्याने कॅसेट पुन्हा उतरवून दिली. फीत जुनी झालेली, चित्रावर रेघा, आणि मधल्या एका तुकड्यात आवाजच नाही. दोन्ही डिस्क भरल्या आणि सासऱ्यांना पडद्यासमोर बसवलं. सासूबाई दिसल्यावर त्यांचा चेहरा सैल झाला. मग तो मुका तुकडा आला.

"बोलत का नाय?" त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "रुसली?"

"हो, रुसल्यात जरा."

"मग ऱ्हाऊ दे," ते म्हणाले आणि समजूतदारपणे बघत राहिले. त्या रात्री पोटभर जेवले. मी मात्र ओट्याशी उभ्याउभ्याच रडले, कशासाठी ते मलाही नीट सांगता आलं नसतं.

पुढचा पावसाळा सरला तसे ते गेले. दिवसकार्य आटोपल्यावर मी कॉम्प्युटरची वायर काढली आणि भरदुपारी झोपले. मला कुणी उठवलं नाही.

निघताना नणंद दारात घुटमळली. "वहिनी, ते अंगणातलं मला देशील?"

कपाटातली डिस्क चालवून पाहिली आणि तिच्या पिशवीत घातली. आठवड्याने तिचा फोन आला. "अगं, ही वायर कुठं खुपसायची?"

कणीक मळत होते. फोन खांद्याशी धरला आणि म्हटलं, "आधी कॉम्प्युटर चालू करा, ताई."