शालनच्या हनवटीवरचा सुभेदार

शनिवारी दुपारी जेवणं उरकली की आमच्या बोरीवलीच्या बिल्डिंगमधल्या बाया दारं लोटून लवंडायच्या. शालन मात्र गॅलरीत स्टूल टाकायची. डाव्या हातात आरसा, उजव्या हातात प्लकर आणि हनवटी थेट उन्हाकडे. तांदळातले खडे वेचावेत तशी ती दाढीचे केस वेचत बसायची. हो, दाढीच. तिला ती होती आणि ती तिला दाढीच म्हणायची. गॅलरी सामायिक, येणारा-जाणारा बघणारच. पोस्टमन दिसला की ही प्लकर हलवून विचारायची, "माझा काय आसा?"

मी नवी नवरी होऊन त्या बिल्डिंगमध्ये आले तेव्हा काय शहाणी होते म्हणून सांगू! मला मिशी होती. फार नाही, पण उजेडात दिसेल एवढी. लग्नाआधी मावशीने बेसन-हळद चोळून चोळून माझा वरचा ओठ सोलून काढला. केस जिथल्या तिथे. मग कुणीतरी ब्लीच सुचवलं. लग्नाच्या फोटोत गळ्यातल्या दागिन्यांपेक्षा माझी मिशी जास्त चकाकते आहे. सासरी आल्यावर मी ह्यांचं रेझर चोरून बाथरूममध्ये न्यायची आणि आवाज जाऊ नये म्हणून नळ सोडून ठेवायची. रेझरचा काय ट्रॅक्टरसारखा आवाज येतो? पण वीस-बावीस वर्षांच्या बाईला अक्कल असती तर आणखी काय हवं होतं! ह्यांना सगळं माहीत होतं. "ब्लेड लवकर बोथट होतं हल्ली," एवढंच म्हणायचे आणि पेपरात तोंड घालायचे.

तर असाच एक शनिवार. मी पदर ओठांवर ओढून गॅलरीतून कपडे काढायला चालले होते. शालनने आरशातूनच मला पकडलं.

"गो बाय, दात दुखता काय?"

"नाही हो."

"मगे पदर कित्याक? तुका मिशी, माका दाढी. लपवतंस कोणापासून? हयसर ये, उजेड बरो आसा."

मी आधी रागाने लाल झाले, मग घाबरले आणि शेवटी तिच्या स्टुलाशेजारी फतकल मारून बसले. त्या दिवसापासून शनिवारची दुपार आमची झाली. "अहो" महिन्याभरात गळालं. ती मला कुमे म्हणायची, मी तिला शालन.

ती टेलिफोन एक्स्चेंजमध्ये ऑपरेटर होती. आवाज असा की ट्रंक कॉल लागला नाही तरी लोक चिडायचे नाहीत. एक गृहस्थ तर निव्वळ आवाजावर भाळून मिठाईचा पुडा घेऊन ऑफिसच्या दारात आले. ही बाहेर गेली, त्यांनी हिच्याकडे पाहिलं आणि "मिस राणे कुठे भेटतील?" म्हणून हिलाच विचारलं. "आज रजेर आसत," असं सांगून हिने पुडा ठेवून घेतला. आम्ही तो गॅलरीत बसून संपवला. शालन पेढा चघळत म्हणाली, "माका लोक आयकतत, बघनत नाय. बरा आसा." आणि आरसा जरा जास्तच जवळ धरला.

ती उन्हात का बसते, ते तिने मला पुष्कळ वर्षांनी सांगितलं. सोळाव्या वर्षीच पाळी अनियमित, तोंडावर केस. आता त्याला नाव आहे, गोळ्या आहेत. तेव्हा गावात 'बायलीक दाढी' एवढंच निदान होतं. कणकवलीहून एक स्थळ आलं. मुलाच्या आईने पोह्यांची बशी खाली ठेवली, एका बोटाने हिची हनवटी उचलली आणि खिडकीकडे वळवून उजेडात पाहिली. भाजी घेताना वांगं फिरवून बघतात ना, तशी. मग बोट पदराला पुसलं.

"तेच्यापासून मीच उजेडात बसतंय," शालन म्हणाली. "कोणाक काय बघूचा ता बघा."

तिने लग्न केलं नाही. भाची मृणाल लहानपणीच आईविना झाली, तिला वाढवलं.

उपाय आम्ही सगळे केले. साखर-लिंबाचं वॅक्स घरी कढवलं, ते पातेल्यालाच इतकं चिकटलं की पातेलं भंगारात गेलं. केस घालवणारं क्रीम लावलं तर जळक्या टायरच्या वासाने खालच्या मजल्यावरून लोक वर आले. थ्रेडिंगवाल्या मुलीने हिच्या हनवटीशी दोरा नेला, तो तुटला. मग दोघींचे केस पिकायला लागले तेव्हा मृणालने आम्हाला अंधेरीला लेझरच्या दवाखान्यात नेलं. डॉक्टरीणबाईंनी नीट समजावलं: लेझरला काळा रंगच सापडतो, पांढऱ्या केसाला ते ओळखत नाही, त्यासाठी एकेका केसाच्या मुळाशी सुई घालून करंट द्यावा लागेल. शालन शांतपणे उठली. "म्हणजे काळे जातले, पांढरे रवतले. दाढी तीच, फक्त म्हातारी. रवांदे."

रवांदे म्हणजे राहू दे. तिचा सगळ्यावरचा शेवटचा शेरा तो. लिफ्ट बंद पडली, रवांदे. पेन्शनचं काम अडलं, रवांदे. फक्त दाढीचा केस तिने कधी राहू दिला नव्हता.

त्या केसांतला एक आमचा खास. डाव्या बाजूला, हनवटीच्या अगदी खाली, तारेसारखा ताठ आणि काळाकुळकुळीत. बाकीचे पिकले तरी हा पिकला नाही. कितीही उपटा, सगळ्यांच्या आधी हजर. त्याचं नाव आम्ही सुभेदार ठेवलं होतं.

पुढे डोळे अधू झाले. तिला तिचा सुभेदार दिसेना, मला माझी मिशी. मग समोरासमोर स्टुलं टाकून आम्ही एकमेकींच्या न्हावी झालो. तेव्हाच एकदा तिने माझा हात धरला. चेष्टा नव्हती.

"कुमे, माका आयसीयूत घातल्यानी तर चिमटो घेवन ये. आणि मी गेलंय तर लोक तोंड बघूक येवच्या आधी काम उरक. परत कोणी माझी हनवटी तशी बघूक नको."

मी शब्द दिला.

मग तिच्या पोटात गाठ निघाली. केमो सुरू झाली. डोक्यावरचे केस गेले, भुवया गेल्या आणि दाढीही गेली. पार गुळगुळीत. भेटायला येणाऱ्या बाया तिचं डोकं बघून डोळे टिपायच्या; ही त्यांचा हात धरून हनवटीवरून फिरवायची. "साठ वर्सां लढलंय, ह्या सलायनीन एका फटक्यात जिंकल्यान!" शनिवारी वेचायला काही नव्हतं, तरी आम्ही बसायचो. प्लकर पावडरीच्या जुन्या डब्यात पडून असायचा. ती नुसती उन्हाकडे तोंड करून डोळे मिटायची.

आणि एका शनिवारी मला तो दिसला. हनवटीखाली, डावीकडे. बारीक, पण काळा आणि ताठ.

"शालन! सुभेदार आला गं!"

मी इतक्या आनंदाने ओरडले की मृणाल आतून धावत आली. माझ्या मते हिशेब सोपा होता: आजाराने केस गेले, केस आले म्हणजे आजार हटला. सत्तरी उलटली तरी ती नळ सोडून दाढी करणारी नवरी माझ्यात शाबूत होती, दुसरं काय! मी घरी जाऊन तुपात रवा भाजून केशराचा शिरा केला, वाटी घेऊन आले. शालनने दोन घास खाल्ले. गिळायला त्रास होत होता, तरी खाल्ले. मग मी प्लकर काढला.

तिने माझं मनगट धरलं. "रवांदे गो."

"अगं, सुभेदार आहे तो!"

"म्हणानच. रवांदे."

मला वाटलं, लाडात आली. जाताना दारात मृणाल रडत उभी होती. तिने सांगितलं की डॉक्टरांनी केमो कधीच थांबवली आहे. आता गुण येणार नाही म्हणाले. मावशीनेच, कुमुदमावशीला सांगू नकोस, असं बजावलं होतं.

मी परत आत गेले. वाटी तिच्या हातात तशीच होती.

"तुला माहीत होतं तो का आला?"

"औषद थांबला, म्हणान इलो," ती म्हणाली. "तू शिरो घेवन इलंस. मी तुका काय सांगू?"

मी तिच्या शेजारी बसले. उरलेला शिरा आम्ही दोघींनी खाल्ला, एकाच चमच्याने. तेवढं एकच करता येण्यासारखं होतं.

महिन्याभराने एका सकाळी ती गेली, झोपेत. आंघोळ घालून झाल्यावर मृणालने पावडरीचा डबा माझ्या हातात दिला. मी पलंग गॅलरीच्या दाराकडे सरकवायला लावला. सुभेदारामागून आलेले बारीक पांढरे केस एक एक करून काढले. तिला एकदाही टोचलं नसेल. शब्द दिला होता तो पाळला. शेवटी सुभेदार एकटा उरला. चांगला वाढला होता, टोकाशी जरा वळला होता. मी प्लकर डब्यात ठेवला.

लोक येऊ लागले. गावाकडची एक लांबची चुलती वाकली, तोंड निरखलं आणि बोट हनवटीकडे नेलं. "अगो, ह्यो एक केस तरी..."

मी तिचं बोट वरच्यावर धरलं.

"रवांदे," म्हटलं.

ती मागे सरली. शालनचं तोंड गॅलरीकडे होतं, आणि उजेड बरा होता.