आबांची परतीची मोजणी

आबा पावलं मोजत चालायचे. ओठ हलायचे नाहीत, नुसता अंगठा बोटांच्या पेरांवरून सरकायचा. उंबऱ्यापासून गोठ्यापर्यंत सव्वीस, मारुतीच्या देवळापर्यंत दोनशे अकरा. जाताना चढती मोजणी, येताना उतरती. दोनशे अकरापासून खाली येत येत शून्याला त्यांचा पाय बरोबर उंबऱ्याला लागायचा. वाटेत कुणी "काय आबा, कुठं?" असं विचारलं की ते भडकायचे. "मोडली का मोजणी! आता तूच नेऊन सोड मला घरला." विचारणारा ओशाळायचा आणि खरंच हात धरून आणून सोडायचा.

"जाताना मोजत न्हाई, त्याला परतीची वाट न्हाई," असं ते सगळ्यांनाच ऐकवायचे. एकदा आमच्या मालकांनी, म्हणजे आबांच्या धाकट्या भावाने, विहिरीवरची मोटर खोलली, परत जोडली, तर चार नट उरले. आबांनी ते हातात घेऊन वाजवले आणि म्हणाले, "ह्ये कुठल्या गावचं पाव्हणं?" मालक दोन दिवस त्यांच्याशी बोलले नाहीत.

आबा माझे थोरले दीर. फौजेत सिग्नलला होते. चाळिशीत काचबिंदूने दोन्ही डोळे गेले आणि ते मलकापूरला घरी आले. थोरल्या दिरांच्या शेजारी बसायचं नाही, उलट बोलायचं नाही, अशी आमच्या घरची रीत. त्यांना दिसत नव्हतं तरी मी डोक्यावरचा पदर कधी ढळू दिला नाही. माझ्या जाऊबाई होत्या तोवर त्याच मधे बोलायच्या. त्या गेल्यावर मी चहा ठेवला की कपाचा कान दोनदा बशीवर वाजवायची. ते "बरं" म्हणायचे. वीस वर्षांत आमचं बोलणं एवढंच.

त्यांचा मुलगा विनू पुण्याला कॉम्प्युटरच्या नोकरीत. त्याने आबांना एक कॉम्प्युटर आणून दिला. पडद्यावर जे येईल ते एक बाई मराठीत मोठ्याने वाचायची. आवाज सपाट, पण बोलणं एकदम शुद्ध. आबा तिला मास्तरीण म्हणायचे. "आमची मास्तरीण कवा चिडत न्हाई, ह्योच तिचा दोष." तिच्या जोरावर ते दोन बोटांनी टाईप करायला शिकले. सांगलीला अंध मुलींचं वसतिगृह आहे. तिथल्या मुलींसाठी ते दर सोमवारी एक धडा लिहून पाठवायचे. नदीचा, गुऱ्हाळाचा, फौजेतल्या खेचराचा. मुली तो आपल्या कॉम्प्युटरवर ऐकायच्या आणि फोन करून चुका काढायच्या. आबांचा सगळा आठवडा त्या फोनभोवती फिरायचा.

एका रविवारी विनू आला. छापील कागद वाचून दाखवणारं काहीतरी त्याला घालायचं होतं, आणि त्याला म्हणे आतलं एक व्हर्जन पुढचं लागत होतं. काळ्या पडद्यावर त्याची बोटं भराभर चालली. आबा म्हणाले, "काय केलंस ते लिवून ठेव." विनू हसला. "आबा, एक ओळ तर आहे. ते कुणी लिहितं का?" आणि संध्याकाळच्या गाडीने गेला.

सोमवारी सकाळी मास्तरीण बोलेना. कॉम्प्युटर चालू, पडद्यावर सगळं दिसतंय, पण आवाज नाही. विनूला फोन लावला. "मीटिंगमध्ये आहे, आबा. व्हर्जन मागं घ्यावं लागेल बहुतेक. मी पुढच्या शनिवारी येतो." कराडहून एक दुरुस्तीवाला आला. पाच मिनिटं बघितलं आणि म्हणाला, "फॉरमॅट मारू. सगळं कोरं करकरीत." आबांनी विचारलं, "आन माझं धडं?" "ते जातील." आबांनी त्याला चहासुद्धा न देता घालवलं.

तीन दिवस ते खुर्चीत बसून होते. जेवण अर्धं टाकायचे. वसतिगृहातून फोन आला, "आबा, खेचराचं पुढं काय झालं?" त्यांनी फोन मालकांच्या हातात दिला आणि भिंतीकडे तोंड केलं. मालक कारखान्यात पाळीला गेल्यावर आबा मला म्हणाले, "सुमन, दुसऱ्यांदा आंधळा झालो गं." माझ्या नावाने त्यांनी मारलेली ती पहिली हाक. मला इतका राग आला, विनूचा, त्या डब्याचा, आणि माझासुद्धा. मी चौथीपर्यंत शिकलेली. आमच्या वेळी इंग्रजी पाचवीपासून होतं. पडदा माझ्या डोळ्यांपुढे, आणि मला त्यातलं अक्षर कळेना.

दुसऱ्या दिवशी दुपारी त्यांनीच हाक मारली. "त्यो काळा पडदा मागचं हुकूम ध्यानात ठेवतो, विनू बोलला हुता. वरचा बाण दाबला की येत्यात. मी बटनं दाबतो, तू फकस्त काय दिसतंय ते सांग."

"मला इंग्रजी येत न्हाई," मी म्हणाले.

"मला येतंय. पर मला दिसत न्हाई. दोघांचं मिळून एक माणूस हुईल का बघू."

सांगणार कसं? त्यांच्या तळहातावर बोटाने काढावं तर दिरांचा हात कसा धरायचा? मी परातीत ज्वारीचं पीठ पसरलं, समोर बसले आणि पडद्यावरचं एकेक अक्षर बोटाने पिठात काढलं. ते बोट फिरवून चाचपायचे. बाण दोनदा दाबला तेव्हा लहान ओळी आल्या, त्या त्यांनी सोडून दिल्या. तिसऱ्यांदा एक लांबलचक ओळ आली. मी पहिली चार अक्षरं काढली, एक पुसून मग दुसरं. त्यांनी चाचपली. "एस. एन. पी. ओ. असा हुकूम जगात न्हाई. नीट बघ."

मी नीटच बघत होते. पीठ सारखं केलं, परत काढली. परत तेच. चौथ्या खेपेला त्यांनी परातीवर हात आपटला. "डोळं हायत का भोकं!" पीठ माझ्या पदरावर उडालं. मी उठले आणि स्वयंपाकघरात जाऊन भांडी आपटत राहिले. त्यांना ऐकू जावीत म्हणूनच आपटली.

जेवणाची वेळ टळली होती म्हणून शेवटी त्यांचं ताट वाढायला घेतलं. त्यांना दिसत नाही, म्हणून ताटातल्या जागा ठरलेल्या. चटणी त्यांच्या डावीकडे, भाजी उजवीकडे. मी समोरून वाढते, म्हणून माझ्या हाताने ते नेहमी उलटं. चटणी माझ्या उजवीकडे ठेवली आणि हात तिथेच थांबला. ताट इतकी वर्षं त्यांच्या बाजूने वाढत आले आणि अक्षरं मात्र माझ्या बाजूने काढली! शेजारी बसायची रीत नाही म्हणून समोर बसले होते. त्यांच्या बोटाला सगळं उलटं लागत होतं.

मी ताट तिथेच ठेवलं. परात घेऊन आले आणि पदर सावरून त्यांच्या शेजारी, एकाच बाजूला तोंड करून बसले. तीच चार अक्षरं काढली.

आबांचं बोट फिरलं आणि थांबलं. "एस. यू. डी. ओ. ह्यो खरा हुकूम! यूचा एन झाला हुता, डीचा पी." मग तोंड माझ्याकडे वळवून म्हणाले, "बाजू बदललीस व्हय?"

"व्हय."

"मगाशी बोलायचं न्हाई का तोंडानं?"

"तुमी बोलू दिलं तर," मी म्हणाले. माझं मलाच नवल वाटलं.

ती एक ओळ वाचायला दीड तास लागला. न वाचता बटण दाबायला ते तयार नव्हते. मधे पंख्याच्या वाऱ्याने पीठ उडालं, पंखा बंद केला, घामाच्या धारा लागल्या. ओळ पुरी झाल्यावर त्यांनी बटण दाबलं. मशीनने पासवर्ड मागितला. ते टाईप करत होते आणि मी म्हणत होते, "काईच उमटंना." ते गडबडून परत दाबायचे. तीनदा चुकल्यावर ओळ निघून गेली. पासवर्ड दिसायचाच नसतो, हे आम्हा दोघांनाही कुणी सांगितलं नव्हतं. त्या वेळी मला विनू समोर हवा होता!

पुन्हा बाण, पुन्हा तीच ओळ. या खेपेला मी गप्प राहिले. पडद्यावर एक यादी आली. आकडे मला येत होते. "शून्य, एक, दोन," मी वाचलं. "दोनाच्या पुढं चांदणी हाय."

"म्हंजे आत्ता दोनावर हाय. विनूनं एकाचं दोन केलं असणार." त्यांनी एक दाबला. कॉम्प्युटर बंद करून परत चालू केला. आणि मास्तरीण बोलली. आज वार कोणता ते तिने सांगितलं.

आबांनी डोळे पुसले. मला वाटलं, आता शाबासकी देतील. म्हणाले, "वही आण. जे जे केलं ते लिव. आत्ताच्या आत्ता." मी चित्रं काढावीत तशी ती ओळ वहीत उतरवली. ताटातली भाकरी वाळून कडक झाली होती. तीच त्यांनी आमटीत कुस्करून खाल्ली. संध्याकाळी विनूचा फोन आला. "आबा, मी शनिवारी येणारच होतो की." आबांनी फोन खाली ठेवला. ते खेचराचा धडा लिहीत होते.

त्यानंतर रोज दुपारी त्यांनी मला परातीत इंग्रजी अक्षरं शिकवली. मी चुकले की ओरडायचे, मीही आता उलटून बोलायची. जवळजवळ दोन वर्षं हे चाललं. मग एका पहाटे देवळाकडे जायला निघाले आणि अंगणातच बसले. बसले ते परत उठलेच नाहीत. उंबऱ्यापासून नऊ पावलं. मी मोजली.

दिवसकार्य झाल्यावर विनू त्या खुर्चीत बसला. कॉम्प्युटर सांगलीच्या मुलींना द्यायचा, त्याआधी सगळं नवं घालून देतो म्हणाला. काळा पडदा उघडला. बोटं भराभर चालायला लागली.

"थांब," मी म्हणाले. घरात पाहुणे होते, सगळे माझ्याकडे बघायला लागले. मी वही आणून त्याच्यापुढे ठेवली.

"काकी, मला येतं ते."

"मागल्या खेपंलाबी येत हुतं."

त्याने वहीचं पान उलटलं. माझी वेडीवाकडी अक्षरं ओळीवर बोट ठेवून वाचली. मग खिशातून पेन काढलं. मी खुर्ची ओढून त्याच्या शेजारी बसले.

"आता चांदणी कुठं हाय," मी म्हणाले, "ते आधी लिव."